गुबगुबीत अक्षरांचे लाड

लहानपणी वर्तमानपत्र हातात आलं की मी आधी नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडत असे. नाटक बघायला मिळे क्वचित, पण नावं बघण्यातही मौज होती. त्यांतली कितीतरी नावं अक्षररचनाकार कमल शेडगे यांच्या हातची. ऐतिहासिक नाटकाचं अक्षर भारदस्त, फार्साचं उनाड. नाटकाची जातकुळी वाचण्याआधीच कळे. तो नाद माझ्या वह्यांच्या कव्हरांवर आला आणि मग गणेशोत्सवाच्या फळ्यावर. ‘आज हळदीकुंकू’ एवढंच लिहायचं असे, पण ‘ळ’चे दोन्ही गोल फुगवण्यात दुपार जाई.

डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आली आणि फळ्याचे लाड संपले. ‘श्रीलिपी’, ‘आकृती’ अशा सॉफ्टवेअरच्या यादीतून फॉन्ट निवडायचा, की शीर्षक तयार. पुढे युनिकोड आलं, तेव्हा संगणकावर बराच काळ ‘मंगल’ फॉन्टचंच राज्य होतं. तो घडवणारे र. कृ. जोशी मोठे सुलेखनकार. पण मंगलचं काम पडद्यावर नीट वाचता येण्याचं, बागडण्याचं नव्हे.

मग फॉन्ट घडवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ भेटला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांच्या या फॉन्टचं मूळ हातानं रेखाटलेल्या अक्षरांत आहे. अक्षरं इतकी गुबगुबीत, की आतली पोकळी पांढऱ्या रेघेपुरतीच उरते. रोमन लिपीत हे त्या मानानं सोपं. देवनागरीत ‘मूर्तींना’ लिहून बघा: एकट्या ‘ती’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच बाकावर दाटीवाटीनं बसलेले. जाडी न सोडता त्यांना जागा करून देणं, ही खरी कारागिरी.

भाचीच्या बारशाची पत्रिका, शेजारच्या काकूंच्या चकलीची लेबलं, वाचनालयाच्या बालविभागाची पाटी, सगळीकडे मी मोदक वापरला. त्यातून दोन गोष्टी कळल्या. अक्षर लहान केलं की ती पांढरी रेघ शाईत बुजते. म्हणून पत्रिकेवर बाळाचं नाव मोदकात, पत्ता आणि वेळ मात्र साध्या अक्षरात. दुसरी गोष्ट जुन्या फळ्याची आठवण असलेल्यालाच खटकते. ‘चकचकीत’ हातानं लिहिलं तर दुसरा ‘च’ पहिल्यापेक्षा थोडा मस्तीखोर होतो. फॉन्टमध्ये दोन्ही ‘च’ तंतोतंत जुळे, आणि एकसारख्या खोडीला खोडी कोण म्हणेल?

म्हणून मी शीर्षक ‘कर्व्ह’ करून घेतो, म्हणजे अक्षरांचे हवे तसे वळवता येणारे आकार करून घेतो. एक ‘च’ किंचित तिरका, एखादी वेलांटी जरा लांब. मोदकचा परवाना मुक्त आहे; तो फुकट मिळतो आणि त्यात बदल करायलाही मुभा आहे. ती मुभा वापरा. खेळकर फॉन्टला दोन-तीन शब्दांपलीकडे कामाला लावू नका, आणि त्यातलं एखादं तरी अक्षर स्वतःच्या हातानं वळवा. फॉन्ट अक्षरं देतो. खोडी आपली आपणच काढायची असते.