दुभाषी

भाषा म्हणजे विचारविनिमयाचे साधन, ही व्याख्या आम्ही पहिल्या वर्षाला पाठ केली. परीक्षेत ती लिहून मी गुणही मिळविले. पण ती वाचली की माझ्या डोळ्यांपुढे खम्मम जिल्ह्यातल्या एका लहानशा दवाखान्याचे बाक उभे राहते.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान निघाले की हाताला काम उरत नाही. मग गावोगावची बायामाणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तिकडून पायी निघालेल्यांत हेच मजूर होते. आम्हीही जायचो. किलोमागे मजुरी, शेतातच ताडपत्रीची झोपडी आणि दिवसभर ठसका. रात्री हातांची अशी आग व्हायची की माय ते ओल्या मातीत खुपसून बसायची. मी शेतमालकाच्या पोरांबरोबर खेळता खेळता तेलुगू शिकलो. 'नीळ्ळु' म्हणजे पाणी, 'जरम' म्हणजे ताप. बाराव्या वर्षी मी आमच्या टोळीचा दुभाषी झालो, आणि त्याचा मला कोण अभिमान!

एके दिवशी मायला उभे राहवेना. ठेकेदाराने आम्हाला दवाखान्यात सोडले. डॉक्टरांनी विचारले, ते मी मायला विचारले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, पदर तोंडाला लावला आणि खाली बघत म्हणाली, "सांग डॉक्टरले, पोट दुखते मनून."

"कडुपु नोप्पी," मी ठणकावून सांगितले.

"एन्नि रोजुलु?"

"किती दिवस झाले, माय?"

"झाले चार-सा दिस."

डॉक्टर भले होते. त्यांनी जे ऐकले त्याचे औषध दिले. दुसऱ्या दिवशी माय पुन्हा तोडणीला.

दुखणे पोटाचे नव्हतेच. तिच्या अंगावरून पांढरे जात होते, आणि तेही दिवाळीपासून. गावी परतल्यावर आशाताई घरी आल्या, त्यांच्याजवळ ती अर्धा तास बोलली, रडली. कुडाच्या भिंतीआड मी सारे ऐकले. पुढे नागपूरला न्यावे लागले. मिरचीचे पैसे त्यातच गेले. माय वाचली, पण ओझे आता उचलवत नाही.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीजवळच्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना असा एखादा तरी आजार होता, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. या तर आपल्याच मुलखात, आपल्याच बोलीत राहणाऱ्या! परमुलखात मायची वाचा म्हणजे मी, तिचा मुलगा. अमेरिकेत २०१६ साली नियम झाला, की तातडीचा प्रसंग वगळता रुग्णाच्या लहान मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेऊ नये. तो वाचला तेव्हा मी ग्रंथालयात बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे स्वतः माडिया शिकले. दर हंगामाला बदलणाऱ्या मजुरांची बोली तिकडच्या डॉक्टरांनी शिकावी, ही अपेक्षा जास्तच होईल. पण आपल्या सिरोंचा तालुक्यात घरोघर तेलुगू बोलतात. तिथली एखादी बाई टोळीबरोबर असती तर?

मागच्या वर्षी मी मायला विचारले, "तेव्हा मला का नाही सांगितलेस?"

ती तांदूळ पाखडत होती.

"पोराले सांगाची गोष्ट होय का थे?" ती म्हणाली, आणि सूप झटकले.