न दिसणारी दोरी

परभणी जिल्ह्यातील वालूर हे गाव त्याच्या जुन्या बारवांसाठी प्रसिद्ध आहे. त्या गावच्या शाळेत एके दिवशी दुपारी शहरातून एक नृत्यमंडळी आली. रात्री शाळेच्या पटांगणात तिचा प्रयोग व्हायचा होता. सहावीतल्या एका मुलीवर गुरुजींनी एक साधेच काम सोपविले : तालीम चालू असताना पाण्याची कळशी भरून ठेवायची आणि मागेल त्याला पेला द्यायचा. तिच्या मैत्रिणी दाराच्या फटीतून आत डोकावत होत्या. तिला मात्र पडद्यामागे बसण्याचा मान मिळाला होता.

पडद्यामागे राजवाडा असेल, अशी तिची कल्पना होती. प्रत्यक्षात तिने काय पाहिले? रावणाची दहा तोंडे खिळ्याला टांगलेली होती आणि खुद्द रावण नाकावर चष्मा चढवून घुंगरांचा तुटलेला पट्टा शिवत होता. सीता एका बाकावर बसून भाकरी आणि ठेचा खात होती. मारुतीने आपली शेपटी दोरखंडासारखी गुंडाळून उशाला घेतली होती. त्या मुलीला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. रात्री हे सारे खरे कसे वाटणार?

इतक्यात मंडळीच्या प्रमुख बाईंनी टाळी वाजविली. शेपटी, शिवण, भाकरी जागच्या जागी राहिली आणि तालीम सुरू झाली. प्रसंग जटायूच्या पतनाचा होता. रामायणातली ही सारी पात्रे कळसूत्री बाहुल्या होऊन नाचत होती. हात झटक्याने वर जात, मान एकदम वळे, पाऊल लाकडासारखे पडे. रावणाने तलवार चालविली, की जटायूची दोरी तुटायची आणि ती बाहुली कोसळायची. जटायू झालेला तरुण कोसळला. पण जमीन जवळ येताच त्याचा हात नकळत पुढे आला.

“माणूस पडला!” बाई म्हणाल्या. “बाहुली पडायला हवी. बाहुलीला लागण्याची भीती नसते.”

तो पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. आधी गुडघे सैल सुटले पाहिजेत, मग कंबर, मग मान. हात सर्वांच्या शेवटी. मुलगी मनाशी मोजू लागली. सातव्या वेळी त्याचे कोपर खरचटले. अकराव्या वेळी बाईंनी नुसती मान हलविली. तो पाणी प्यायला आला, तेव्हा त्याच्या हातातला पेला थरथरत होता.

“दादा, लागलं का?” तिने हळूच विचारले.

“लागतं,” तो हसून म्हणाला. “पण ते इथंच ठेवून जायचं.”

तिला राहवेना. ती बाईंजवळ गेली. “बाई, रात्री हात टेकला तर कुणाला कळणार आहे?”

बाईंनी तिला शेजारी बसवून घेतले व शांती बर्धन यांची हकिकत सांगितली. अल्मोड्यास उदय शंकर यांच्या केंद्रात काम केलेल्या या कलावंताने १९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ ही मंडळी स्थापन केली. बॅले म्हणजे संवादांवाचून, नृत्य आणि संगीत यांतून कथा सांगणारे नाट्य. पुढच्याच वर्षी या मंडळीने ‘रामायण’ रंगभूमीवर आणले. बाहुल्यांनी माणसांची नक्कल करावी, ही जुनी रीत. येथे जिवंत माणसांनी बाहुल्यांची चाल उचलली. बर्धन यांना क्षयाने ग्रासले होते. १९५४ साली त्यांचे निधन झाले. ‘पंचतंत्र’ हे त्यांचे नृत्यनाट्य अपुरे राहिले होते. ते सहकाऱ्यांनी पुरे केले. पत्नी गुल बर्धन यांनी २०१० साली आपल्या अखेरीपर्यंत मंडळी सांभाळली. १९६४ साली मुंबई सुटली, ग्वाल्हेर आणि पुढे भोपाळ हे मंडळीचे घर झाले. पण त्या बाहुल्या नाचतच राहिल्या.

“ही वाट एका आजारी माणसानं घालून दिली, बाळ,” बाई म्हणाल्या. “त्या वाटेवर आपण हात टेकून कसं चालेल?”

रात्री पटांगण माणसांनी फुलून गेले. मुलगी पडद्याआड कळशीपाशी उभी होती. रावणाची तलवार चमकली आणि तिने डोळे गच्च मिटले. त्या कोपराची जखम अजून ओली होती. तोच पटांगणावर एकदम शांतता पसरली. तिने डोळे उघडले. जटायू जमिनीवर पडला होता. मान एकीकडे कलली होती, दोन्ही हात मागाहून गळून पडले होते. तो माणूस वाटतच नव्हता. पुढे बसलेल्या एका आजीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

पडदा पडला. जटायू उठून लंगडत आत आला. तिने न सांगता पेला पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मंडळी निघून गेली. संध्याकाळी मैत्रिणी चक्राकार बारवेच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ उपसून स्वच्छ केलेल्या त्या बारवेत पाणी संथ होते. किती पायऱ्या पाण्याखाली आहेत, हे वरून पाहणाऱ्याला कळत नव्हते.

“खरं सांग गं,” एकीने विचारले, “त्या जटायूला मागून दोरी बांधली होती ना?”

ती क्षणभर पाण्याकडे पाहत राहिली.

“होती,” ती म्हणाली. “पण ती दिसत नाही.”