सुरांचे कुळ

नवा सूर कानी पडला की आपण आधी त्याचे कुळ विचारतो. तो कोणत्या वाद्यातून निघाला, ते वाद्य कोठून आले, परंपरेत त्याला जागा आहे की नाही, या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावाचून त्याला ओसरीवरून माजघरात घ्यायचे नाही, अशी आपली रीत आहे. साहित्यव्यवहारही याला अपवाद नाही. सुनीत, मुक्तछंद, लघुनिबंध या प्रत्येकाला मराठीत आल्यावर काही काळ उंबरठ्यावर तिष्ठावे लागले. समीक्षक म्हणून माझे बरेचसे आयुष्य अशा कुळकथा तपासण्यातच गेले. साठी ओलांडल्यावर सिंथेसायझरचे संगीत माझ्या ऐकण्यात आले आणि तेही कोलकात्यात आले. त्यामुळे या जुन्या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहण्याची संधी मिळाली. त्याविषयी थोडे लिहावयाचे आहे.

मराठी संगीत नाटक आणि बंगाली रंगभूमी यांच्या नात्याचा अभ्यास करण्यासाठी मी अलीकडची काही वर्षे हिवाळ्यात कोलकात्याला जात आले आहे. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात उतरावे आणि दिवसभर अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसावे, असा क्रम असतो. अभ्यासाचा एक मोठा भाग पेटीचा. पेटी मुळात युरोपातली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला मांडी घालून बसणाऱ्या वादकाच्या सोयीचे रूप दिले; एका हाताने भाता चालवायचा, दुसऱ्या हाताने पट्ट्या. तेथून ती देशभर पसरली. महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तिच्यातून असे काही काढले की हे वाद्य परके आहे, ही गोष्ट श्रोत्यांच्या ध्यानातही राहिली नाही.

ज्या शहरात पेटीला हे रूप मिळाले, त्याच शहरातून तिच्याविरुद्धची सर्वांत वजनदार तक्रारही उमटली. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथांनी आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्राच्या संचालकांना पत्र लिहून हार्मोनियमची साथ वगळावी असे कळवले. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ साली सैल झाली. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. पेटीचे स्वर ठोकून बसवलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट तिला चालता येत नाही, ती उडी मारते. आपल्या संगीताचा प्राण तर त्या मधल्या वाटेत, मींडेत आहे. तरीही त्या एकतीस वर्षांत कीर्तनात, भजनात, घरच्या शिकवणीत आणि नाटकाच्या तालमीत पेटी वाजतच राहिली. बंदी सैल झाली तेव्हा निवाडा श्रोत्यांनी आधीच देऊन टाकला होता.

मी या कागदपत्रांत असताना यादवपूर विद्यापीठातील एक संशोधक विद्यार्थिनी शेजारच्या मेजावर बसत असे. माझा विषय कळल्यावर ती म्हणाली, “दीदी, हार्मोनियमचे भांडण मिटले, सिंथेसायझरचे अजून मिटलेले नाही.” आणि चहाच्या वेळी तिने मला एक गाणे ऐकवले. ते होते रूपा बिस्वास यांचे ‘आज शनिबार’.

आठेक मिनिटांच्या त्या गाण्यात नृत्याचा ठेका आहे, खाली खर्जातली एक आकृती पुन्हा पुन्हा येत राहते, आणि त्यावर बंगाली शब्द म्हणणारा एका तरुणीचा आवाज आहे. या आवाजाला कसलीही घाई नाही. भोवती सगळे नाचत असताना तो जणू गच्चीच्या कठड्याला टेकून उभा आहे. मला प्रथम भावला तो हा संथपणा. नंतर हकिकत कळली. कलकत्त्याच्या रूपा बिस्वास १९८१ साली कॅनडातील कॅलगरी येथे भावाकडे गेल्या होत्या. तेथे त्यांचे गाणे झाले आणि त्यातून अली अकबर खाँ यांचे पुत्र आशिष खाँ यांच्याशी परिचय झाला. आशिष खाँ आणि त्यांचे बंधू प्राणेश यांनी स्थानिक वादकांना जमवून ध्वनिमुद्रण केले. सरोद, तबला, गिटार आणि सिंथेसायझर अशी ती मेजवानी. चार रचनांची ही ‘डिस्को जॅझ’ ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये कलकत्त्याच्या मेगाफोन कंपनीने बाजारात आणली. त्या काळात नाझिया हसन यांची ‘डिस्को दीवाने’ घरोघर वाजत होती. त्या गलबल्यात ही मुद्रिका बुडाली. रूपाताईंनी दुसरी मुद्रिका केली नाही.

पुढे अनेक वर्षांनी जुन्या मुद्रिका धुंडाळणाऱ्या परदेशी शौकिनांच्या हाती ती लागली, इंटरनेटवर ते गाणे फिरू लागले, तिच्या जुन्या प्रती भरमसाट किमतीला विकल्या जाऊ लागल्या आणि गायिकेला याचा पत्ताही नव्हता. घरात सापडलेल्या प्रतीवरून मुलाने इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा तिला ही बातमी कळली. २०१९ मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने मुद्रिका रीतसर पुन्हा काढली. मधे सदतीस वर्षे गेली होती.

१९८२ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी त्या वर्षी रोलँड कंपनीची तीन यंत्रे जुळवून दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्यांतले एक ठेक्याचे यंत्र होते, एक खर्जाचे आणि एक सिंथेसायझर. ललित, तोडी, यमन, मालकंस असे हे राग. एच. एम. व्ही.ने ही मुद्रिका काढली आणि तीही विस्मृतीत गेली. एदो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीच्या दुकानात मिळाली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. ऐकणारे चकित झाले, कारण शिकागोमध्ये १९८७ च्या सुमारास ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाने जे संगीत उदयाला आले, त्याचा नाद मुंबईत पाच वर्षे आधीच उमटलेला होता. चरणजित सिंग २०१५ साली निवर्तले. निदान ही वाहवा त्यांना ऐकता आली.

त्या विद्यार्थिनीबरोबर मी फ्री स्कूल स्ट्रीटवर गेले. रस्त्याचे नाव बदलून मिर्झा गालिब स्ट्रीट झाले त्याला बराच काळ लोटला, पण जुन्या मुद्रिकांचा बाजार लोकांच्या तोंडी जुन्याच नावाने राहिला आहे. तेथे पूजेच्या गाण्यांच्या, रवींद्रसंगीताच्या, इंग्रजी नाचगाण्यांच्या थप्प्या एकमेकींना टेकून उभ्या असतात. कुळाचा भेद तेथे पाळला जात नाही. आम्ही शोधत होतो त्या दोन्ही मुद्रिका अर्थातच तेथे नव्हत्या. ऐकणे झाले ते तिच्या घरी, नव्या आवृत्तीवरून.

चरणजित सिंगांची ही मुद्रिका ऐकताना माझ्या कानांनी एक गोष्ट टिपली. खर्जाचे यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जात होते. पेटीला जे साधत नाही, ते या यंत्राला साधत होते. कारण साधे आहे. सिंथेसायझरमध्ये स्वराची उंची विजेच्या दाबावर अवलंबून असते. दाब एकदम बदलला तर स्वर उडी मारतो. हळूहळू चढवला तर स्वरही अखंड चढत जातो. १९६४ च्या सुमारास रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने ज्या तत्त्वावर आपले वाद्य उभे केले, ते हेच. ज्या उणिवेसाठी पेटीला तीन दशके दाराबाहेर ठेवले गेले, ती उणीव या वाद्यात मुळातच नाही. तरीही कृत्रिम म्हणून नाव ठेवायचे ते सिंथेसायझरला, आणि पेटीला आपण आपली म्हणतो. याचा अर्थ असा की वाद्याचे आपलेपण त्याच्या रचनेत नसते. ते सवयीत, सहवासात आणि आठवणीत असते.

याला पुरावा हवा असेल तर तो याच शहराच्या एका सुपुत्राच्या संगीतात आहे. हेमंतकुमारांच्या १९५४ च्या ‘नागिन’मधील पुंगी साऱ्या देशाने डोक्यावर घेतली. ती पुंगी नव्हतीच. क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर कल्याणजींनी ती वाजवली होती. लोकांनी कुळ विचारले नाही, कारण विचारावे असे त्यांना वाटलेच नाही. बंगळुरूच्या राज नारायण यांनी १९७९ मध्ये घडवलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आज कित्येक गवय्यांच्या रियाजात आहे. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजोही विजेवरच चालतो आणि त्याला कोणी विलायती म्हणत नाही.

अर्थात आपलेपणाचा प्रश्न सुटला म्हणून गुणवत्तेचा प्रश्न सुटत नाही. चरणजित सिंगांच्या रचनांत रागविस्तार नाही. अथक ठेका आलापाला श्वास घेऊ देत नाही. रागाची ओळख पटते, मुक्काम घडत नाही. रूपा बिस्वासांच्या मुद्रिकेत सरोद आणि ठेका काही ठिकाणी एकाच बाकावर बसलेल्या दोन अनोळखी प्रवाशांसारखे वाटतात. पण हे दोष त्या कृतींच्या आतले आहेत आणि ते ऐकूनच कळतात. कुळ पाहून परतवून लावलेल्या कृतीचे दोषही आपल्याला कळत नाहीत.

मराठीच्या अभ्यासकाला या हकिकतीत एक ओळखीचा चेहरा दिसल्यावाचून राहत नाही. १८८२ साली, म्हणजे या दोन मुद्रिकांच्या बरोबर शंभर वर्षे आधी, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. एकच पुस्तक, त्यानंतर त्यांचे दुसरे पुस्तक नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुनर्मुद्रित केले, तोवर वाङ्मयेतिहासात त्याला जवळपास स्थानच नव्हते. एका निबंधाची आणि नाचाच्या एका मुद्रिकेची तुलना काहींना रुचणार नाही. मी दोन्हींची थोरवी सारखी मानत नाही. मला साम्य दिसते ते त्यांच्या वाट पाहण्यात. दोघींनी एकेकदा आवाज दिला, आणि त्यांच्या काळाला तो ऐकण्याची सवड नव्हती.

मात्र एक फरक आहे आणि तो ग्रंथालयांनी मनावर घ्यावा असा आहे. प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला देण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर घातले आहे. ध्वनिमुद्रिकांना त्या कायद्याचे छत्र नाही. यादवपूर विद्यापीठाने जुन्या मुद्रिकांचे मोठे जतनकार्य केले आहे, पण तेथील संगीतसंग्रह मुख्यतः हिंदुस्थानी अभिजात संगीताचा आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता. त्यावर गीता साराभाई आणि इतरांनी केलेल्या प्रयोगांच्या फिती तेथेच पडून राहिल्या. २०१७ साली पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराने त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक भाग प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्याकडच्या या संगीताचा इतिहास घरातल्या कपाटाने, रस्त्यावरच्या दुकानाने आणि बाहेरून आलेल्या एखाद्या जिज्ञासू माणसाने राखला आहे. आपण अभ्यासकांनी राखलेला वाटा त्यात फार थोडा.

त्या विद्यार्थिनीच्या पिढीला हे ओझे जाणवत नाही. तिने मला पारेख आणि सिंग या कोलकात्याच्याच जोडीचे ‘सायन्स सिटी’ हे गीतसंकलनही ऐकवले. तेही २०१९ चेच. शब्द इंग्रजी, चाली मऊ, आणि नावात शहराच्या पूर्वेकडील विज्ञाननगरी. रूपा बिस्वासांचे पुनरागमन आणि या तरुणांचे गाणे एकाच वर्षी जगापुढे यावे, हा योगायोग तिला विशेष वाटत नव्हता. तिच्या लेखी ही सगळी तिच्या शहराची गाणी होती. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे तिने मला मी विचारल्यावर सांगितले.

पुढच्या खेपेस मी ‘द्वारकिन’च्या जुन्या मूल्यपत्रिका पाहणार आहे. पेटी बाजारात आली तेव्हा तिची ओळख गिऱ्हाइकाला कोणत्या शब्दांत करून दिली गेली, हे मला जाणून घ्यायचे आहे. नव्या वाद्याला आपली भाषा मिळते ती कदाचित अशा साध्या कागदांवर, पंडितांच्या पत्रव्यवहाराच्या किती तरी आधी.