अजिंठ्यात इंग्रजीचा तास

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात यशोधरा व राहुल यांचे पाचव्या शतकातील चित्र आहे. भिक्षापात्र घेतलेले तथागत भव्य, समोरचे मायलेक अगदी लहान. वस्तीतील मुलींना आम्ही तेथे नेले. पण माहिती आधी सांगितली नाही. एवढेच विचारले : काय दिसते? कशावरून? इंग्रजीत बोला, चुकले तरी चालेल.

एक म्हणाली, "मदर सॅड." दुसरीने अडवले, "व्हाय?" पहिलीने चित्र पुन्हा निरखले. "नो सॅड. बिकॉज शी लुक अप."

घरी "गप्प बस" ऐकणाऱ्या मुली "बिकॉज" म्हणू लागल्या! शब्द पाठ होतो; त्यापुढचे कारण मात्र स्वतःच शोधावे लागते. पालकहो, मुलींना लेणी दाखवा. उत्तर आधी सांगू नका.