ओंठांचें हंसणें व डोळ्यांचें हंसणें
संगणकावर रेखाटलेल्या पात्रांचे चेहरे कसे हलवितात, ही माहिती आम्हीं मोठ्या कौतुकानें वाचली. कारागीर प्रथम भुवई, पापणी, गाल व ओंठ यांसाठीं निरनिराळ्या कळा बसवितो. एकमन व फ्रीसन ह्यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेली चेहऱ्याच्या हालचालींची वर्गवारी ह्या कामीं फार उपयोगी पडते. एकट्या ओंठांची कळ फिरविली, तर हास्य निर्जीव दिसतें. डोळ्यांभोंवतालचा स्नायु आकुंचन पावून गाल वर उचलले, म्हणजेच तें खरें वाटतें. फ्रेंच वैद्य ड्युशेन ह्यांनीं हें १८६२ सालींच लिहून ठेविलें होतें.

हें वाचल्यापासून वर्गांतील एखादें मूल "बरें आहे, सर," असें म्हणून हंसलें, कीं आम्ही त्याचे डोळे पाहतों. ते हंसत नसले, तर त्यास जवळ बसवून विचारपूस करितों. पालकहो, घरीं आपणही तसेंच करावें, ही विनंति.