नाकातुलोग

व्याकरण हा विषय मी अडतीस वर्षं शिकवला. शिकवला म्हणजे मुलांनी तो सोसला. निवृत्तीनंतर व्याकरण माझ्यावर असा सूड उगवेल, आणि तोही थेट मनिलात, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला अंगठे धरून उभा केला असता.

झालं असं, की जावयाची बदली मनिलाला झाली आणि आम्ही उभयता सहा महिने तिकडे राहायला गेलो. नातू चार वर्षांचा. कागदोपत्री त्याचं नाव भारदस्त आहे. मी त्याला बंड्या म्हणतो. लेक आणि जावई दिवसभर कचेरीत, म्हणून बंड्याला सांभाळायला एक फिलिपिनो बाई होती. तिला सगळे ‘आते’ म्हणत. तागालोग भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. हिला मात्र ती सख्खी आत्याच वाटली. ही मराठीत बोलायची, ती तागालोगमध्ये बोलायची, आणि भाजी एकदाही करपली नाही.

माझं तसं नव्हतं. बंड्या आईबापांशी इंग्रजी बोले, आतेशी तागालोग. मराठी त्याला कळे, पण तोंडातून निघत नसे. घरात व्याकरणाचा पेन्शनर, आणि त्याला सख्ख्या नातवाशी चार वाक्यं बोलता येईनात! मी हट्टाला पेटलो. नवी वही घातली.

पहिला धडा लिफ्टमध्ये मिळाला. एका बाईंनी आतल्या गृहस्थांना विचारलं, “बाबाबा बा?” ते गंभीरपणे म्हणाले, “बाबाबा.” मला वाटलं, दोघंही एकाच वेळी पोरके झाले. आतेनं नंतर उलगडा केला. ‘बाबा’ हा धातू, अर्थ खाली जाणं. त्याचं पहिलं अक्षर दोनदा म्हटलं की ‘खाली जाणार’. शेवटचा सुटा ‘बा’ म्हणजे आपला ‘का’. “खाली जाणार का?” “जाणार.” बस्स!

आता आपल्याकडे उपसर्ग पुढं बसतो, प्रत्यय मागं बसतो. तागालोगचा प्रत्यय धातूच्या पोटात शिरतो. ‘काइन’ म्हणजे खाणं. त्याच्या ‘क’नंतर ‘उम’ घुसला की कुमाइन, म्हणजे खाल्लं. संस्कृतात रुध् धातूच्या पोटात ‘न’ शिरून ‘रुणद्धि’ होतं, ते मी विद्यार्थिदशेत घोकलं होतं. पण तो एका गणापुरता चमत्कार. इथं हा रोजच्या जेवणातला प्रकार! कुमाकाइन म्हणजे खाणं चालू आहे. ‘उम’ काढून टाकला तर काकाइन, म्हणजे खाणार. आणि आणखी एक ‘का’ जोडला तर काकाकाइन, म्हणजे आत्ताच खाल्लं. थोडक्यात, काका उपाशी आणि काकाका तृप्त.

गंमत अशी, की या भाषेला काळाची फिकीर नाही. काम सुरू झालं का आणि संपलं का, एवढंच ती विचारते. आपल्या काही कचेऱ्यांना हे व्याकरण लावलं तर सगळ्या फायली ‘काकाइन’मध्येच सापडतील.

खरी परीक्षा पुढं होती. वाक्यात मानाचा पाट कुणाचा, हे तिथं क्रियापद ठरवतं. ‘बिली’ हा खरेदीचा धातू. समजा, बाईनं कोळणीकडून बंड्यासाठी मासा घेतला. बुमिली म्हटलं तर पाटावर बाई. बिनिली म्हटलं तर मासा. बिनिल्हान म्हटलं तर कोळीण. इबिनिली म्हटलं तर बंड्या. आणि इपिनाम्बिली म्हटलं तर ज्या पैशांनी मासा घेतला ते पैसे! मराठीत कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग शिकवताना मी घामाघूम व्हायचो. तिथल्या मास्तरांना माझा साष्टांग नमस्कार.

त्यात ‘उम’ऐवजी ‘माग’ किंवा ‘नाग’ लावला तर व्यवहारच उलटतो. कोपऱ्यावरच्या ‘सारी-सारी’ दुकानात जाऊन मी ऐटीत म्हणालो, “नागबिबिली आको नांग सागिंग.” मला म्हणायचं होतं, मी केळी घेतोय. दुकानदारीणबाईंनी माझ्या रिकाम्या पिशवीत डोकावून विचारलं, “माग्कानो?” म्हणजे केवढ्याला? मी केळी विकायला आलो होतो!

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. मग कप फुटला.

तो माझ्या शेवटच्या दहावीच्या वर्गानं निरोपाला दिलेला कप. त्यावर फक्त ‘सर’ एवढंच लिहिलेलं. डोंबिवलीहून धोतरात गुंडाळून नेला होता. एका सकाळी त्याचे तीन तुकडे जमिनीवर, आणि शेजारी बंड्या. मी नव्या विद्येचा तोरा मिरवत गरजलो, “बिनासाग मो?” बासाग म्हणजे फुटणं; तू फोडलास का, असं विचारायचं होतं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. “हिंदी!” तो ओरडला. तागालोगमध्ये ‘हिंदी’ म्हणजे नाही. “नाबासाग को!” आणि हमसून हमसून रडायला लागला.

आतेनं त्याला पोटाशी धरलं आणि मला हळू आवाजात समजावलं. ‘बिनासाग’ म्हणजे मुद्दाम फोडला. ‘ना’ लावला की हातून फुटला. मी एका प्रत्ययानं चार वर्षांच्या पोरावर आरोपपत्र ठेवलं होतं, आणि तो एका प्रत्ययानं आपली बाजू मांडत होता.

मी गप्प झालो. हा फरक मला नवा थोडाच होता? फुटणं अकर्मक, फोडणं सकर्मक, हे मी अडतीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो. पण वर्गाची काच फुटली की माझा पहिला प्रश्न ठरलेला: “कुणी फोडली?” ‘कशी फुटली?’ असं एकदाही विचारलं नाही. फळ्यावरचं व्याकरण फळ्यावरच राहिलं. किती बंड्ये त्या वेळी मनातल्या मनात “नाबासाग, सर” म्हणाले असतील, कोण जाणे!

“नाबासाग,” मी बंड्याला म्हणालो. “नाबासाग लांग.” नुसता फुटला रे. त्यानं नाक पुसलं. हिनं तुकडे गोळा केले. “डिंकानं चिकटेल,” ही म्हणाली. चिकटला नाही. त्याला धातूच वेगळा लागतो.

महिन्याभरानं एका दुपारी लेकीनं मला गॅसवरच्या दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं. मी खुर्ची टाकून बसलो. पुढचं आठवतं ते एवढंच, की स्वयंपाकघरात करपट वास, ओट्यावर दूध आणि लेकीचा आवाज: “बाबा, चक्क झोपलात?”

मी तोंड उघडण्याआधीच बंड्या मध्ये येऊन उभा राहिला. कमरेवर हात ठेवून त्यानं आईला बजावलं, “नाकातुलोग सी लोलो!”

लोलो म्हणजे आजोबा. ‘नातुलोग’ म्हटलं असतं तर आजोबा झोपले. पोरानं ‘नाका’ लावला होता. आजोबा झोपले नाहीत, आजोबांना झोप लागली.

अडतीस वर्षांच्या नोकरीत माझी इतकी चांगली वकिली कुणी केली नव्हती. ओटा मात्र मलाच पुसावा लागला.