तळ्यातली खांदेरी

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडं पाहिलं की दोन बेटं दिसतात. जवळचं, लहान आणि बुटकं ते उंदेरी. त्याच्या मागं जरा लांब, दोन टेकड्या असलेलं ते खांदेरी. एका टेकडीवर दीपगृह आहे. ते १८६७ साली बांधलेलं. आमच्या चौथीच्या वर्गानं ही बेटं लांबूनच पाहिली होती. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र आम्ही थेट खांदेरीवर गेलो, आणि परत येऊन गावच्या तळ्यात एक आरमारी लढाईसुद्धा लढलो! तिचीच ही गोष्ट.

थळच्या बंदरातून होडी निघाली. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, सोबत चार पालक आणि सुकाणूवर एक म्हातारे तांडेल. उंदेरी मागं टाकून आम्ही पुढं गेलो, तेव्हा होडी चांगलीच हलायला लागली. एरवी वर्गात खिडक्या हादरतील असा गोंगाट करणारी मुलं अगदी चिडीचूप! पण खांदेरीच्या धक्क्यावर पाय टेकले आणि गोंगाट परत सुरू झाला.

बेटावर पाहण्यासारखं पुष्कळ आहे. कोळी बांधव ज्याला फार मानतात त्या वेताळाचं देऊळ आहे. तटावर जुन्या तोफा आहेत. त्यांतल्या काही तर अजून चाकांच्या गाड्यावर उभ्या आहेत. एक मोठा खडक असा आहे, की त्यावर दगडानं टकटक केलं तर भांड्यावर वाजवल्यासारखा आवाज येतो. मुलांनी तो इतका वाजवला की शेवटी मला ओरडावं लागलं.

मग तटाजवळ बसून आम्ही डबे सोडले. तेव्हा एका मुलानं विचारलं, "बाई, शत्रूची जहाजं भोवती होती म्हणता, तर मग हे एवढे दगड इथं आणले कसे? आणि गवंड्यांचं जेवण?"

खरं सांगते, माझ्या हातातला घास हातातच राहिला. पुस्तकात आम्ही लढाई शिकतो, तारीख पाठ करतो. दगड कसे आले, हे कुठं विचारतो?

तेव्हा तिथंच मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. तुम्हीही ऐका.

१६७९ च्या ऑगस्ट महिन्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना दीडशे माणसं आणि चार लहान तोफा देऊन खांदेरीवर पाठवलं. काम होतं किल्ला बांधायचं. खांदेरी म्हणजे मुंबईच्या तोंडावरचं बेट. इथं मराठ्यांचा किल्ला झाला, तर मुंबईला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर त्यांची नजर राहणार. मुंबईचे इंग्रज खवळले. "बेट आमचं आहे, निघून जा," म्हणाले. मायनाक भंडारी जागचे हलले नाहीत. १९ सप्टेंबरला थॉर्प नावाचा इंग्रज अधिकारी बेटावर उतरायला गेला आणि त्या झटापटीत मारला गेला.

मग इंग्रजांनी आरमार वाढवलं. त्यात 'रिव्हेंज' नावाचं मोठं फ्रिगेट होतं, दोन गुराबा होत्या आणि काही लहान जहाजं होती. केज्विन नावाचा कप्तान त्यांचा प्रमुख. १८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे महाराजांच्या आरमाराचे सरदार दौलतखान नागावच्या बाजूनं चाळिसाहून अधिक गलबतं घेऊन आले. गलबतं इतकी वेगानं आली, की नांगर टाकून उभ्या असलेल्या इंग्रजांना जहाजं हाकारायलाही धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' नावाच्या गुराबेनं निशाण उतरवलं आणि ती मराठ्यांच्या हाती आली. बाकीची इंग्रज जहाजं लांब सरकली. एकटी 'रिव्हेंज' उरली.

"मग?" सगळे एकदम ओरडले.

"मग काय झालं ते आपण आपल्या तळ्यात बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात कारखानाच सुरू झाला. गलबतं कशाची करायची? तर नारळाच्या पोयीची. नारळाचा मोहोर जिच्यातून बाहेर येतो ती वाळलेली पोय तुम्ही पाहिली असेल. देवानं जणू होडीच करून ठेवलेली! मधोमध बांबूची काडी रोवून डोलकाठी केली, जुन्या धोतराच्या चिंध्यांची शिडं लावली. पहिलं गलबत पाण्यात सोडलं आणि ते चटकन आडवं झालं. दुसरंही झालं. मग कोळीवाड्यातली एक मुलगी म्हणाली, "बाई, तळाला वजन नाय ना!" तळाशी मूठभर गोटे घातले, आणि गलबत सरळ उभं राहिलं. खऱ्या जहाजांच्या तळाशीही असंच वजन भरतात. ते वर शिड आणि खाली वजन असं तोलून धरतात. मला हे पुस्तकात सापडलं असतं, तिला ते घरातच ठाऊक होतं.

'रिव्हेंज' एका मुलाच्या सुतार वडिलांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करून दिली, चांगली हातभर लांब. गलबतं मात्र बाराच जमली.

देवळामागच्या तळ्याच्या काठाला, जिथं पाणी घोट्यापेक्षा थोडंच वर येतं, तिथं आम्ही समुद्र मांडला. पालथं घमेलं म्हणजे खांदेरी. त्याच्या एका बाजूला करवंटी म्हणजे उंदेरी. पायऱ्या म्हणजे थळचा किनारा. मुंबई काही मापात बसेना, म्हणून तिला पिंपळाच्या पारावर बसवलं.

आता नियम. गलबतांना वल्ही असतात, म्हणून त्यांना दोरी बांधली. दोरी ओढली की गलबत पुढं, वारा असो वा नसो. फ्रिगेटला वल्ह्यांचा आधार नाही, म्हणून 'रिव्हेंज'ला दोरी नाही. दोन मुलं सुपानं वारा घालतील तेव्हाच ती हलणार. तोफगोळे म्हणजे चिंचोके. गलबताची तोफ नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला. तेव्हा चिंचोका फक्त समोर मारायचा. फ्रिगेटच्या तोफा दोन्ही बाजूंना, तेव्हा चिंचोके बाजूनं मारायचे. तीन चिंचोके लागले की गलबत बुडालं.

सगळं ठरलं, पण एक अडचण आली. इंग्रज व्हायला कुणीच तयार नाही! शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. 'रिव्हेंज'ची चिठ्ठी आली कोळीवाड्यातल्या त्याच मुलीला. ती काही बोलली नाही, गुपचूप आपल्या जहाजामागं जाऊन उभी राहिली.

शंख वाजला. "हर हर महादेव!" बारा गलबतं सुळ्ळकन सुटली. अगदी खऱ्यासारखीच इंग्रजांची धावपळ उडाली. एक गुराब पकडली गेली. काठावरचे आई-बाप टाळ्या पिटत होते. मग त्या मुलीनं सुपं जोरात हलवायला सांगितली, 'रिव्हेंज' आडवी वळवली आणि बाजूच्या तोफांचा असा मारा केला, की बघता बघता चार गलबतं बुडाली. उरलेल्यांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतल्या. आमचे 'दौलतखान' रडकुंडीला आले.

"हे खोटं आहे! इतिहासात आपण जिंकलो होतो. बाई, हिनं मुद्दाम केलं!" आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "फितूर!"

ती मुलगी खाली मान घालून उभी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता काय करावं? दोन गोड शब्द बोलून, "बरं, आपण जिंकलो," असं म्हणणं सोपं होतं. काठावर पालक होते, त्यांनाही ते आवडलं असतं. पण मग इतिहास शिकवायचा तरी कशाला? मी सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं.

"तिनं खोटं केलं नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी असंच झालं होतं. एकट्या 'रिव्हेंज'नं आपली पाच गलबतं बुडवली. बाकीची नागोठण्याच्या खाडीकडं गेली. 'रिव्हेंज' पाठलाग करत आली, पण उथळ पाण्यामुळं तिला बाहेरच थांबावं लागलं."

सगळे गप्प. मग 'दौलतखान'नं अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे आपण हरलो?"

उत्तर मी दिलं नाही. "त्यादिवशी बेटावर काय विचारलं होतं? दगड कसे आले? चला, आता दुसरा डाव."

या डावात तळ्यावर रात्र झाली. इंग्रजांनी डोळ्यांना रुमाल बांधायचे आणि मोठ्यानं वीस आकडे म्हणायचे. तेवढ्यात एका गलबतानं एक दगड घेऊन खांदेरी गाठायची. वीस झाले की रुमाल काढायचे. गलबत वाटेत दिसलं तर ते बुडालं. बेटावर लगोरीसारखे सात दगड रचले की किल्ला तयार.

काय गंमत आली म्हणून सांगू! दोरी इतक्या हलक्या हातानं ओढायची, की पाणीसुद्धा वाजू नये. दोन गलबतं सापडली. पण बाकीची पोचली. एक दगड, दोन, तीन... मध्येच सुपं हलवणारी मुलं दमली. वारा पडला, 'रिव्हेंज' जागच्या जागी उभी. काठावर आमचे म्हातारे तांडेल बसले होते. ते हसून म्हणाले, "वारा पडला का मोठं जहाज म्हणजे नुसता ओंडका!" सातवा दगड बसला आणि मुलांनी तळं डोक्यावर घेतलं.

रुमाल सोडून ती मुलगी घमेल्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, माझं जहाज तर जिंकलं होतं. तरी किल्ला झालाच की!"

मला जे सांगायचं होतं, ते तिनं सांगून टाकलं.

मुलांनो, खरोखर असंच झालं. इंग्रजांची जहाजं पहारा देत राहिली आणि मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री त्यांना चुकवून बेटावर जात राहिल्या. अन्न, दारूगोळा, सामान सगळं पोचत राहिलं. पुढं जंजिऱ्याचा सिद्दीही आरमार घेऊन आला. त्यानं तोफा डागल्या, पण खांदेरी पडली नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी पहारा उठवला आणि तह केला. सिद्दीनं मात्र शेजारची उंदेरी घेऊन तिथं ठाण मांडलं. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. त्यांच्या अखेरच्या दिवसांतलं हे मोठं काम. एका दिवसाची लढाई हाताची गेली, तरी महिनोन् महिने दगड वाहणाऱ्यांनी ते पुरं केलं. त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पण तट अजून उभा आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यात आपली खांदेरी आहे. आपल्या नौदलाच्या एका पाणबुडीचं नावही 'खांदेरी' आहे. ती २०१९ मध्ये नौदलात दाखल झाली.

तुमच्याकडं तळं नसेल तर मोठी परात चालेल. पोय नसेल तर केळीचं सोपट घ्या, चिंचोक्यांऐवजी ज्वारीचे दाणे घ्या. तळाला वजन घालायला मात्र विसरू नका! पाण्याजवळ खेळताना घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. आणि दोन्ही डाव खेळा. नुसता पहिला खेळलात, तर अर्धीच गोष्ट कळेल.

हो, एक सांगायचं राहिलंच. पुढच्या शनिवारी परत लढाई ठरली, तेव्हा चिठ्ठ्या टाकायची वेळच आली नाही. आमचे 'दौलतखान' स्वतःहून म्हणाले, "बाई, या वेळी मी 'रिव्हेंज' घेतो. हिला दगड नेऊ दे. तिच्या हातची दोरी वाजत नाही."